साडेबाराचे पावणेनऊ: नवी मुंबईतल्या एका वादाची पार्श्वभूमी

'सार्वजनिक प्रयोजन' हा शब्दप्रयोग १८९४ च्या भूसंपादन कायद्यातला. कलम ६ खाली सरकारने जाहीर केले की प्रयोजन सार्वजनिकच, तोच निर्णायक पुरावा. हरकतीची जागा त्याआधी, कलम ५-अ मध्ये. ती हुकली की पुढे भांडण उरते ते दराचे. नवी मुंबई वसवण्यासाठी जमीन घेताना ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांत १९७० नंतर तेच झाले.

जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात शेतकऱ्यांच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारांत ५ जण गेले. त्यानंतर जोर धरला तो जमिनीतल्या वाट्याच्या मागणीने. १९९० मध्ये पनवेल-उरणसाठी आणि १९९४ मध्ये ठाणे तालुक्यासाठी संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचा निर्णय निघाला.

आकडा मात्र फसवा आहे. १ हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर गेले, तर साडेबारा टक्क्यांनी १,२५० चौ. मी. होतात. त्यातले ३० टक्के, म्हणजे ३७५ चौ. मी., सामाजिक सुविधांसाठी कापले जातात. हातात ८७५, म्हणजे पावणेनऊ टक्के. ज्या सार्वजनिक कामासाठी अख्खे शेत दिले, त्याच कामासाठी मोबदल्यातूनही कपात! ही दुहेरी वसुली म्हणायची की रस्ते, शाळा, मैदानांचा रास्त खर्च, यावर अजून एकमत नाही. चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण, दीड मिळतो, त्यामुळे ८७५ वर सुमारे १,३१२ चौ. मी. बांधकाम बसते, हा समर्थकांचा मुद्दा. तो खोटा नाही. पण बांधायला पैसा लागतो. तो नसला की भूखंड हाती येण्याआधीच बिल्डरशी करारनामा होतो, वाटपानंतर सिडको, भूखंडधारक आणि बिल्डर यांचा त्रिपक्षीय करार, आणि चढलेल्या भावातला मोठा हिस्सा बिल्डरकडे जातो. भूसंपादनाच्या निवाड्यात आजोबांचे एकच नाव आणि आज वारस वीस, असे असले तर वारस दाखल्यावरच फाइल अडते.

मोबदल्याला पात्र 'व्यक्ती' कोण, हे सातबाऱ्याने ठरवले. खाडीत जाळे टाकणाऱ्याचा किंवा मिठागरावर मजुरी करणाऱ्याचा तिथे मालक म्हणून उल्लेख नाही, म्हणून टक्काही नाही.

पुढे नवी मुंबई विमानतळासाठी रोख रकमेऐवजी साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचा पर्याय आला. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने खासगी प्रकल्पांना ८० टक्के बाधितांची संमती आवश्यक केली. सरकारी प्रकल्प त्यातून सुटले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही, असे बहुमताने सांगितले.

आता जुना वाद गावठाणाबाहेरच्या घरांवर येऊन थांबला आहे. भावांचे संसार वेगळे झाले, घरे वाढली, पण त्यांखालची जमीन कागदावर केव्हाच संपादित झालेली. गावात त्यांना 'गरजेपोटीची घरे' म्हणतात, नोटिशीत 'अतिक्रमण'.