बालरुग्णालयातील उपचारात्मक खेळजागेसाठी लोकवर्गणी: पात्रता, परवानगी आणि कागदपत्रे

रुग्णालयात महिनोन्‌महिने उपचार घेणाऱ्या मुलांसाठी झोके, तोल सांभाळण्याच्या फळ्या आणि चाकाची खुर्ची सहज फिरेल अशी जागा असावी, म्हणून ठाणे व नवी मुंबईत पालकांचे गट वर्गणी काढतात. वर्गणी आधी आणि परवानगी नंतर, हा क्रम मात्र बहुतेकांना नडतो.

नोंदणी नसलेल्या गटाने जाहीर आवाहन करून पैसे गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क अन्वये धर्मादाय कार्यालयाची (न्यास व जाहीर वर्गणीवर देखरेख ठेवणाऱ्या शासकीय कार्यालयाची) परवानगी घेणे बंधनकारक आहे. गणेशोत्सव मंडळे घेतात तीच ही परवानगी. अर्ज ऑनलाइन भरता येतो. सोबत गटाचा ठराव, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रे, पत्त्याचा पुरावा आणि जागेचे नाहरकत पत्र लागते. परवानगी तात्पुरती असते, त्यामुळे पत्रावरील मुदत संपल्यावर आलेली देणगी स्वीकारू नये. काम अपुरे आहे, हे कारण धर्मादाय कार्यालयात ग्राह्य धरले जात नाही.

पत्त्यात ‘नवी मुंबई’ असले म्हणजे कार्यालय ठाण्याचेच, असे समजू नये. दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात आहे. खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेल रायगड जिल्ह्यात येतात व त्यांचे धर्मादाय कार्यालय अलिबागला आहे.

सर्वाधिक अर्ज जागेच्या नाहरकत पत्रावर अडतात. रुग्णालयाच्या अधीक्षकांनी आनंदाने पत्र दिले, तरी जमीन त्यांची नसते. महापालिकेच्या रुग्णालयासाठी महापालिका आयुक्तांची मान्यता हवी; सिडकोच्या भाडेपट्ट्यावरील भूखंड असेल, तर मोकळ्या जागेत कायम बांधकाम करण्यापूर्वी सिडकोकडेही विचारणा करावी. शासकीय रुग्णालयात रुग्ण कल्याण समितीमार्फत देणगी देता येते का, हे पहिल्याच भेटीत विचारावे, कारण तो मार्ग मिळाल्यास निम्मी धावपळ वाचते. आजारी मूल घरी ठेवून आलेल्या आईला एकाच पत्रासाठी तीन टेबलांवर पाठवले जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. कोणाची सही लागते, हे दर्शनी फलकावर लिहून ठेवणे प्रशासनाला मुळीच कठीण नाही.

मोठ्या रकमेसाठी नवा न्यास स्थापन करण्याचा मोह होतो. माझा आग्रहाचा सल्ला आहे की तो टाळावा. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी मिळवण्यासाठी सर्वसाधारणपणे संस्थेला किमान तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास, प्राप्तिकर खात्याकडील नोंदणी आणि सीएसआर-१ (असा निधी घेणाऱ्या संस्थांची सरकारी नोंदणी) लागते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कंपनीकडे कालच स्थापन झालेला न्यास घेऊन जाण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा परिसरातील जुनी नोंदणीकृत संस्था शोधावी, मात्र तिच्या उद्दिष्टांत वैद्यकीय मदत किंवा दिव्यांग कल्याण आहे का, हे मूळ घटनेत वाचून घ्यावे. केवळ सांस्कृतिक उद्दिष्टे असलेल्या मंडळाचा अर्ज येथे टिकत नाही.

जुन्या संस्थांची दुसरी अडचण बदल अर्जाची, म्हणजे विश्वस्तांतील बदल धर्मादाय कार्यालयाला कळवण्याच्या अर्जाची असते. विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत तो दाखल करायचा असतो, पण कित्येक संस्थांच्या परिशिष्ट १ च्या उताऱ्यावर (विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीवर) दिवंगत विश्वस्तांचीच नावे दिसतात आणि बँक नव्या सह्या मान्य करत नाही. विलंबाने अर्ज करताना विश्वस्त बदलले त्या सभेची नोटीस, ती सदस्यांना पोहोचल्याचा पुरावा आणि उपस्थितीपट मागतात. नोटीस पोहोचल्याचा पुरावा सहसा कोणाकडेच नसतो. तो मागील तारखेने तयार करू नये. विलंबाचे खरे कारण लिहून विलंब माफीचा अर्ज जोडावा.

देणगीदारांना करसवलतीचे आश्वासन जपून द्यावे. ज्याला सगळे ८०-जी म्हणून ओळखतात, ती सवलत नवीन करप्रणाली निवडलेल्या व्यक्तीला मिळत नाही आणि ₹२,००० पेक्षा अधिक रोख देणगीवरही मिळत नाही. परदेशातील नातेवाइकांबाबत तर फारच सावध राहावे. भारतीय पारपत्र असलेल्या भावाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. त्याने परदेशी नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) असले तरी ती परकीय देणगीच ठरते व त्यासाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. म्हणून पारपत्राची प्रत आधी मागावी, पैसे नंतर.

अंदाजपत्रक केवळ खेळणी विकणाऱ्याकडून घेऊ नये. ऑक्युपेशनल थेरपिस्टची (दैनंदिन हालचाली व कामे जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाची) शिफारस, उताराचे १:१२ प्रमाण (एक फूट उंचीला बारा फूट लांबी) आणि जंतुनाशकाने पुसता येणारे पृष्ठभाग यांचा उल्लेख असलेला आराखडा जोडल्यास रुग्णालयाची तांत्रिक हरकत बहुधा येत नाही.

काम पूर्ण झाल्यावर प्रत्येक साहित्याची नोंद रुग्णालयाच्या जडसंग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) करून घ्यावी आणि तिची प्रत हिशेबासोबत धर्मादाय कार्यालयात द्यावी. नोंद नसलेला झोका मोडला, तर त्याच्या दुरुस्तीसाठी रुग्णालयाला खर्च दाखवता येत नाही.