ऑरलँडोला निघताय? डिनर शोचं तिकीट काढण्याआधी हे वाचा

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे सहल बुक करायला आलेल्या एका काकूंनी पर्समधून जुना फोटो काढून टेबलावर ठेवला. "हाच कार्यक्रम बुक करा, नातवाला दाखवायचाय." फोटोत काका-काकू लांबलचक टेबलाशी बसलेले, पुढ्यात ताटं, मागे मातीचं रिंगण आणि रिंगणात पांढराशुभ्र घोडा. तो ऑरलँडोजवळच्या किसिमी गावचा 'अरेबियन नाइट्स' होता आणि तो बंद होऊन दहा वर्षं उलटून गेली होती. काकूंना हे सांगणं आम्हाला जड गेलं. तेव्हापासून फ्लोरिडाला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या हाती आम्ही हे पत्रक देतो.

डिनर शो म्हणजे एकाच तिकिटात जेवण आणि खेळ. आपण जेवत असतो आणि समोर घोडेस्वार, सरदार किंवा गाणारी-नाचणारी मंडळी आपली कला दाखवत असतात. १९७१ मध्ये डिस्नेचं पार्क उघडलं आणि पुढच्या काळात त्याच्या बाहेरच्या रस्त्यांवर, विशेषतः किसिमीच्या १९२ नंबरच्या हायवेवर, असे बरेच खेळ उभे राहिले.

'अरेबियन नाइट्स' १९८८ मध्ये सुरू झाला. राजकन्या शहरजादच्या लग्नाची गोष्ट, पण खरे नायक घोडेच. दोन घोड्यांच्या पाठीवर एकेक पाय रोवून उभा राहिलेला स्वार भरधाव जायचा, तेव्हा तोंडाशी नेलेला घास तसाच राही, असं पाहून आलेले लोक आजही सांगतात. २०१४ साल उजाडता उजाडता तो कायमचा बंद झाला. इतके घोडे रोज खाऊपिऊ घालून, निगा राखून, सराव करून तयार ठेवणं म्हणजे प्रेक्षक असोत-नसोत, खर्च चालूच.

अमेरिकन गायिका डॉली पार्टनचा डिनर शो 'डिक्सी स्टॅम्पीड' ऑरलँडोत २००३ मध्ये आला आणि २००८ च्या जानेवारीत गेलाही. त्याची जागा शेजारच्या आउटलेट मॉलच्या विस्तारासाठी विकली गेली. डिस्नेच्या आतलेही वाचले नाहीत. 'मिकीज बॅकयार्ड बार्बेक्यू' २०१८ च्या अखेरीस संपला. पॉलिनेशियन रिसॉर्टमधला 'स्पिरिट ऑफ अलोहा' मार्च २०२० मध्ये कोविडमुळे थांबला, तो परत सुरूच झाला नाही. तिथे आता राहण्याची नवी इमारत आहे.

बाहेरचे खेळ ओस पडण्याचं आणखी एक कारण आमच्या मते मोठं आहे. २००५ पासून डिस्नेने आपल्या हॉटेलांतल्या पाहुण्यांना विमानतळावरून फुकट बस दिली. भाड्याची गाडीच घेतली नाही, तर संध्याकाळी हायवेवर जेवायला कोण जाणार? ती बस २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. तुम्हाला आता विमानतळावरून जाण्याची सोय आधीच करावी लागेल. आमच्या पॅकेजमध्ये ती आहे की नाही, हे विचारून घ्या.

मुलं बरोबर असतील तर आम्ही मनापासून 'मिडीव्हल टाइम्स' सुचवतो, म्हणजे घोड्यावरच्या जुन्या काळच्या सरदारांच्या लढतींचा खेळ. किसिमीत १९८३ पासून आहे. आत शिरताना रंगीत कागदी मुकुट मिळतो. ज्या रंगाचा मुकुट, त्या रंगाच्या सरदाराच्या बाजूने ओरडायचं. काटे-चमचे देत नाहीत. टोमॅटोचं सूप कान असलेल्या वाडग्यातून थेट प्यायचं, बाकी सगळं हातानेच, म्हणजे आपली मुलं अगदी घरच्यासारखी जेवतात. मुख्य पदार्थ भाजलेलं चिकन. शाकाहारी ताट मिळतं, पण आधी सांगावं लागतं. वाढणाऱ्याची टिप तिकिटात धरलेली नसते, ती रोख जवळ ठेवा.

डिस्नेचा 'हूप-डी-डू' १९७४ पासूनचा. कोविडनंतर २०२२ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाला. गाणी, विनोद, आणि पत्र्याच्या बादल्यांतून येणारं तळलेलं चिकन. पैसे बुकिंगच्या वेळीच पूर्ण भरावे लागतात आणि बुकिंग साठ दिवस आधी उघडतं. एक गोष्ट लोक विसरतात: हा खेळ होतो त्या पायोनियर हॉलपर्यंत आपली गाडी जात नाही. हॉल ज्या रिसॉर्टच्या आत आहे, त्या डिस्नेच्या फोर्ट विल्डरनेसच्या दाराशी गाडी लावून आतली बस पकडायची, म्हणून ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा.

नातेवाइकांनी सांगितलेलं नाव किंवा जुनं कूपन हाती असेल, तर तेवढ्यावर पैसे भरू नका. बंद झालेल्या खेळांची पानं इंटरनेटवर वर्षानुवर्षं तशीच असतात. आम्ही प्रत्येक वेळी त्या जागेच्या अधिकृत बुकिंगवर तुमचीच तारीख तपासून मग सांगतो.

कांदा-लसूण न खाणारे कोणी असतील, कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल किंवा आजी-आजोबांना पायऱ्या चढणं अवघड जात असेल, तर बुकिंगच्या दिवशीच आम्हाला लिहून द्या. तिथे ऐन वेळी सांगून काम होत नाही.