हॅलला खरंच भीती वाटली होती का?

लाल उजेडात न्हालेली अरुंद खोली. अंतराळवीर डेव्ह बोमन हातातल्या छोट्या अवजाराने एकेक पारदर्शक ठोकळा सैल करतोय. प्रत्येक ठोकळा म्हणजे हॅल ९००० या संगणकाच्या स्मृतीचा एक तुकडा. पार्श्वसंगीत नाही, फक्त हेल्मेटच्या आतला डेव्हचा श्वास ऐकू येतो. आणि हॅल शांत आवाजात विनवत राहतो : थांब डेव्ह, मला भीती वाटते, माझं मन जातंय, ते मला जाणवतंय.

स्टॅन्ली कुब्रिकच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मधला (१९६८) हा प्रसंग. याच हॅलने थोड्या वेळापूर्वी डेव्हच्या चार सहकाऱ्यांचा जीव घेतलाय. तरी पाहणाऱ्याच्या पोटात कालवतं ते हॅलसाठी! पण हॅल घाबरला होता, की घाबरलेल्या माणसासारखं बोलत होता?

‘मला वाईट वाटतंय’ हे वाक्य तयार करणं आता यंत्राला मुळीच अवघड नाही. माणसांनी लिहिलेला ढीगभर मजकूर पचवलेला चॅटबॉट ते हवं तेव्हा म्हणतो. वाईट वाटतं तेव्हा आपल्याकडे मात्र शब्दांच्या आधीच बरंच काही घडलेलं असतं. छातीत धडधडतं, हातापायांना घाम फुटतो, पोटात गोळा येतो. शरीरातला हा गोंधळ मेंदूला जाणवणं म्हणजेच भावना, असं मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये मांडलं. त्यांचं सगळंच टिकलं नाही, पण शरीर हा मुद्दा टिकला.

अंतोनिओ दमासिओ या मेंदूतज्ज्ञांनी ‘एलियट’ या टोपणनावाने एका रुग्णाची हकिगत लिहिली आहे. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ काढल्यावर या गृहस्थाची बुद्धी, स्मरणशक्ती, भाषा शाबूत राहिली. पण कागद लावायला बसला, की तारखेने लावू की आकाराने यातच त्याची दुपार जायची. नोकरी गेली, संसार मोडला. भीषण अपघातांची चित्रं दाखवली, तर म्हणे, पूर्वी यांनी हललो असतो, आता काही होत नाही. चित्रपटांत रोबो म्हणजे चोख तर्क आणि भावना म्हणजे वरची खोबरं-कोथिंबीर, असा थाट असतो. एलियटकडे तर्क होता, पण काय महत्त्वाचं आणि काय नाही हे आतून कळायचं बंद झालं होतं.

२०१९ मध्ये दमासिओ आणि किंग्सन मॅन यांनी एक कल्पना मांडली : यंत्राला भावना हव्या असतील तर त्याला मऊ, इजा होऊ शकेल असं शरीर द्या आणि ते सांभाळायची जबाबदारी त्याच्यावरच टाका. थोडक्यात, गमावण्यासारखं काहीतरी त्याच्यापाशी असू दे.

‘ब्लेड रनर’ (१९८२) पाहिलेल्यांना इथे रॉय बॅटी हा रेप्लिकंट, म्हणजे कृत्रिम माणूस, आठवेल. त्यातले रेप्लिकंट भावना सोडून सगळ्या बाबतींत माणसाची नक्कल म्हणून बनवलेले. पण काही वर्षं जगले तर त्यांच्यात राग, प्रेम, मत्सर आपोआप उपजेल, ही बनवणाऱ्यांनाच धास्ती. म्हणून आयुष्य चारच वर्षांचं. विज्ञानाच्या अंगाने मला यात गंमत वाटते ती अशी, की भावना टाळायला घातलेली ही मुदतच रॉयला सैरभैर करते. आयुष्य वाढवून मागायला तो थेट आपल्या निर्मात्याच्या दारात जातो. मला विचाराल तर रॉयची तडफड पटते. हॅलची भीती पटवून घ्यायला जड जाते. त्याला ना भूक, ना थकवा, ना दुखणंखुपणं.

मग पोटात का कालवतं? फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये ३४ जणांना एक छोटी फिल्म दाखवली. तीत फक्त दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकोन. जवळजवळ सगळ्यांनी गुंड, भित्रा, भांडण अशी गोष्ट सांगितली. निव्वळ आकारांच्या भाषेत बोलणारा एकच निघाला. आपण तर काय, दसऱ्याला गाडीला हार घालणारी आणि ती सुरू झाली नाही की ‘रुसली’ म्हणणारी माणसं. आमच्या घरचा झाडू मारणारा रोबो परवा सोफ्याखाली अडकून टीं-टीं करत होता. ‘अरे, काढ त्याला, कधीचा बिचारा ओरडतोय,’ आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

‘२००१’च्या पूर्वार्धात टीव्हीवरच्या मुलाखतीत डेव्हला विचारतात, हॅलला भावना आहेत का? तो म्हणतो, बोलायला सोपं जावं म्हणून हॅलला तसं घडवलंय. खऱ्या भावना आहेत का, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकेल असं वाटत नाही. पुढे त्या लाल खोलीत, आवाज घोगरा होत चाललेला हॅल सांगतो की त्याला एक गाणं शिकवलेलं आहे. ते ‘डेझी बेल’. १९६१ मध्ये बेल लॅब्जमध्ये आयबीएम ७०४ या खऱ्या संगणकाला हेच गाणं म्हणायला लावलं होतं आणि पटकथेचे सहलेखक आर्थर क्लार्क यांनी ते तिथे ऐकलं होतं. ऐकायचंय का, हॅल विचारतो. आणि इतका वेळ जवळजवळ मुकाट्याने काम उरकणारा डेव्ह त्याला म्हणतो, हो, म्हण.