एका मिनिटाची तपासणी आणि दुसरा खाडा

परवा पेपरमधून एक जाहिरातीचा कागद पडला, फुल बॉडी चेकअप, त्यात 'कॅन्सर मार्कर' पण सामील. आमच्या रामबागेत दोन-तीन घरांनी लगेच बुकिंग करून टाकलं, सगळी पेन्शनवाली, मेडिक्लेमवाली घरं. त्याच घरांत पोळ्या करायला येणाऱ्या बायकांना पिशवीच्या तोंडाची, म्हणजे गर्भाशयमुखाची तपासणी असते हेच कुणी सांगितलेलं नाही, आणि लवकर लग्न, जास्त बाळंतपणं यामुळे हा कॅन्सर गाठतो तो त्यांनाच जास्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी फक्त १.९ टक्के बायकांची ही तपासणी कधी तरी झालेली होती.

त्या मार्करबद्दल सांगूनच टाकतो. सीए-१२५, म्हणजे ओव्हरीच्या कॅन्सरसाठी रक्तात बघतात तो मार्कर, पाळीत, फायब्रॉइडमध्येसुद्धा (गर्भाशयातल्या साध्या गाठींत) वाढतो, आणि ब्रिटनमध्ये दोन लाख बायकांवर झालेल्या चाचणीत त्याच्या स्क्रीनिंगने ओव्हरीच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत, हे २०२१ साली जाहीर झालंय. लक्षण नसताना त्यावर पैसे घालवू नका.

खरी कमालीची तपासणी सिरक्याची आहे. एचपीव्ही नावाचा व्हायरस गर्भाशयमुखाच्या पेशींत वर्षानुवर्षं बसून राहिला की त्याचं ई-६ प्रोटीन पेशीची वाढ आवरणाऱ्या पी-५३ या प्रोटीनला संपवतं आणि ई-७ हे आरबी या तशाच दुसऱ्या प्रोटीनला निकामी करतं, म्हणजे पेशीचे दोन्ही ब्रेक गेले, ती वाढतच सुटते. अशा पेशींचं केंद्रक मोठं, पेशी दाटीने बसलेल्या, त्यामुळे तिथे प्रोटीन खच्चून भरलेलं. आता त्यावर ३ ते ५ टक्के ॲसिटिक ॲसिड, म्हणजे सिरक्यातलंच ॲसिड, लावलं की अंड्याचा पांढरा भाग तव्यावर जसा घट्ट होतो तसं ते प्रोटीन थोड्या वेळापुरतं गोठतं, उजेड खालच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जातच नाही, वरूनच परततो, आणि तेवढाच भाग पांढरा दिसतो. निरोगी भाग गुलाबीच राहतो. वाट बघायची एक मिनिट! लॅब नको, मशीन नको, चांगला टॉर्च पुरतो. (पाळी गेल्यावर मात्र जिथे हे बदल होतात तो भाग आत सरकतो, मग नीट दिसत नाही, शिवाय बघणाऱ्याच्या नजरेवर बरंच अवलंबून असतं.)

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून दीड लाख बायकांचे दोन गट करून, एका गटात हे तपासून बघितलं. तपासणाऱ्या कोण, तर चार आठवडे ट्रेनिंग घेतलेल्या दहावी पास बायका. या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या तपासणीला ८९ टक्के बायका आल्या, आणि पांढरा डाग दिसल्यावर पुढच्या तपासणीला ७९ टक्केच पोचल्या. घरोघर जाऊन समजावणारी माणसं असतानाही इतक्या गळल्या.

कारण दुसरी फेरी म्हणजे दुसरा खाडा. पॅप स्मिअरमध्ये, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काढून बघायच्या तपासणीत, तर स्लाइड लॅबला जाणार, रिपोर्ट येणार, मग दुर्बिणीची तपासणी, मग तुकडा काढणं, आणि प्रत्येक वेळी रोजी बुडणार, टेम्पोचं भाडं, पोरं कुणाकडे ठेवायची, वर आत पुरुष डॉक्टर असला तर बाई दारातूनच परत. पगारी सुट्टी असलेल्या बाईला हीच तपासणी फुकट पडते, हिला दोन-तीन दिवसांची कमाई देऊन घ्यावी लागते. याला 'अडाणीपणा' म्हणून मोकळं होणं मला चुकीचं वाटतं. हां, 'गाठीला सुई लावली की रोग पसरतो' ही भीती आहेच, ती निराधार आहे, पण शिकलेल्या घरांतही ती तितकीच ऐकू येते.

म्हणून तपासणी निवडताना बाईला किती फेऱ्या पडतात हे आधी मोजलं पाहिजे. पांढरा डाग दिसला आणि तो उपचाराजोगा असला तर त्याच बैठकीत तापवलेल्या प्रोबने जाळता येतो, काही मिनिटांचं काम. एचपीव्ही डीएनए टेस्ट जास्त अचूक आहे, आणि तिचा नमुना बाई स्वतः घरी, कापसाच्या काडीने घेऊ शकते, ऑस्ट्रेलियात २०२२ पासून स्वतः नमुना घ्यायची सोय सगळ्यांना आहे. आपल्याकडे आशा दीदी घरोघर जातेच, ३० च्या वरच्या सगळ्यांचा आजारांच्या धोक्याचा फॉर्म पण तीच भरते. त्या फॉर्मसोबत ती काडी द्यायची, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर उपचाराचा दिवस रविवारी, वस्तीच्या जवळच्या केंद्रात, बाई डॉक्टरकडे.