धुक्यातला वाघ आणि मांजराचे डोळे

धुक्यातून उतरणारा वाघ रंगवणाऱ्या एदो काळातील (1603–1868) जपानी चित्रकारांनी तो रानात पाहिला होता, हा समज चुकीचा आहे. जपानच्या रानांत तेव्हा वाघ नव्हतेच. मारुयामा ओक्यो (1733–1795) यांच्यासारख्या बारकाईने निरीक्षण करणाऱ्या चित्रकारालाही परदेशातून आलेली कातडी, चिनी आणि कोरियन चित्रे व घरचे मांजर यांवरच भिस्त ठेवावी लागली. म्हणूनच पट्टे नि केस हुबेहूब उतरतात, पण अनेक चित्रांत डोळ्यातली बाहुली मांजरासारखी उभी, चिरेसारखी दिसते. वाघाची बाहुली गोल असते. बिबट्या म्हणजे वाघाची मादी, असेही तेव्हा मानत, त्यामुळे क्योतोच्या निजो किल्ल्यातील भित्तिचित्रांत दोघे एकत्र, जोडप्यासारखे वावरतात! धुके मात्र बहुधा फिकट शाईचे किंवा कोऱ्या ठेवलेल्या कागदाचे असते.