गच्चीवरच्या टाकीतली वीज

आमच्याकडे इंदूरच्या सुदामानगरात एक दिवसाआड नळाला नर्मदा येते. आई मोटर लावते, गच्चीवरची हजार लिटरची टाकी भरते. ती भरून वाहू लागली की माझा जीव तुटतो, कारण पाण्याबरोबर वीजही वाहून जात असते.

हे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येतं, सुमारे 70 किलोमीटरवरून. पण अंतरापेक्षा चढ महाग पडतो. नर्मदेचं पात्र इंदूरपेक्षा जवळपास 400 मीटर खाली आहे. हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. एवढं वजन 400 मीटर उचलायला 39 लाख ज्यूल ऊर्जा लागते, आणि विजेचं एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. टाकीमागे एक युनिटहून जास्त झालं, तेही पंपात काहीच वाया जात नाही असं धरून! प्रत्यक्षात पंप तापतात, पाइपात घर्षण होतं, शिवाय घाटमाथा इंदूरहून उंच, म्हणून पाणी आधी तिथवर चढवावं लागतं.

हे विजेचं बिल दर महिन्याला येणारच. ते उसनवारीवर भरलं, तर वीज संपते आणि कर्ज उरतं. फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूर महापालिकेनं 244 कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, काढले, 8.25 टक्के व्याजानं, जलूदच्या 60 मेगावॉट सौर प्रकल्पासाठी. हेही कर्जच, पण त्यातून घेतलेली पॅनेलं वीस-पंचवीस वर्षं वीज देतात. मला हा निर्णय मनापासून पटला.

देशाच्या अर्थसंकल्पातही मी हेच शोधतो. 2025-26 साठी केंद्रानं राजकोषीय तूट, म्हणजे खर्च भागवायला काढावं लागणारं एकूण कर्ज, जीडीपीच्या 4.4 टक्के धरली आणि महसुली तूट, म्हणजे रोजच्या खर्चाला महसूल जेवढा कमी पडतो ती, 1.5 टक्के. म्हणजे कर्जाचा साधारण तिसरा हिस्सा पगार, व्याज, अनुदानं अशा रोजच्या खर्चात जातो. बातम्यांत गाजतो पहिला आकडा. काळजी दुसऱ्याची करायला हवी.

वीजक्षेत्रात तर ही गोष्ट फार बोचते. वितरण कंपन्या वीज विकत घेतात; गळती, चोरी आणि थकबाकीमुळे तिचे पूर्ण पैसे वसूल होत नाहीत, म्हणून कर्ज काढतात. 2015 च्या ‘उदय’ योजनेत या कंपन्यांचं 75 टक्के कर्ज राज्यांनी अंगावर घ्यायचं ठरलं. राज्यांनी त्यासाठी रोखे काढले, तूट वाढली. त्या रोख्यांच्या पैशातून नवी तार ओढली गेली नाही की नवा ट्रान्सफॉर्मर बसला नाही. जुनंच देणं एका वहीतून दुसऱ्या वहीत गेलं.