कार्डिॲक अरेस्ट आणि घातक हृदयताल

हृदयाने शरीराला रक्त पुरवणे अचानक थांबवले की त्या अवस्थेला कार्डिॲक अरेस्ट म्हणतात. ‘हृदयक्रिया बंद पडली’ हा रूढ शब्दप्रयोग थोडा फसवा आहे. प्रौढ माणूस एकाएकी कोसळतो तेव्हा पहिल्या काही मिनिटांत त्याचे हृदय पुष्कळदा हलत असते. फक्त त्या हालचालीत मेळ नसतो, त्यामुळे रक्त पुढे सरकत नाही. हार्ट ॲटॅक याहून वेगळा. त्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी तुंबते, छातीत दुखते, पण रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो आणि नाडी लागते. ॲटॅकमधून अरेस्ट उद्भवू शकतो, म्हणूनच दोन्ही शब्दांची सरमिसळ होते.

निरोगी हृदयात ठोक्याचा इशारा उजव्या कर्णिकेतल्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यातल्या) सायनस गाठीतून निघतो, विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० वेळा, आणि ठरलेल्या वाटेने जवनिकांपर्यंत, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या खालच्या कप्प्यांपर्यंत, पोचतो. ही वाट मोडून जवनिकांच्या स्नायूत विद्युतलहरी मिळेल त्या दिशेने फिरू लागल्या की जवनिका-कंपन, म्हणजेच व्हीएफ (व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन), सुरू होते. उघड्या छातीत असे हृदय गांडुळांनी भरलेल्या पिशवीसारखे वळवळताना दिसते. ईसीजीवर एकही ओळखीची लहर उरत नाही, सगळ्या वेड्यावाकड्या रेघोट्या.

दुसरा घातक ताल व्हीटी (व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया). यात जवनिका स्वतःच्याच हुकमाने भराभर ठोके देतात. ईसीजीवर रुंद, साधारण एकसारख्या लहरींची रांग दिसते. मात्र तीच रांग तीन निरनिराळ्या रुग्णांची असू शकते: एक बोलतो आहे, दुसऱ्याचा रक्तदाब घसरून त्याला घाम फुटला आहे, तिसऱ्याला नाडीच नाही. पहिल्याला औषध देऊन पाहता येते, दुसऱ्याला ठोक्याशी जुळवलेला विजेचा शॉक, तिसऱ्याला व्हीएफप्रमाणे विनाविलंब शॉक. मॉनिटरआधी माणसाकडे पाहायचे ते याचसाठी. लहरींची उंची पीळ पडल्यासारखी कमीजास्त होणाऱ्या व्हीटीचे वर्णन फ्रान्समधील देसरतेन यांनी १९६६ मध्ये केले. ‘टॉर्साद’ नावाच्या या प्रकारात क्यूटी अंतर (जवनिकांना ठोका देऊन पुन्हा सज्ज व्हायला लागणारा, ईसीजीवर मोजलेला वेळ) लांबलेले असते आणि शिरेतून दिलेले मॅग्नेशियम उपयोगी पडते.

शॉक हृदय ‘सुरू’ करत नाही. तो क्षणभर सगळा गोंधळ थांबवतो, आणि त्या शांततेत सायनस गाठीने पुन्हा सूत्रे हाती घ्यावीत अशी अपेक्षा असते. म्हणून मॉनिटरवर सरळ रेघ आली की शॉक देण्याचे सिनेमातले दृश्य निखालस चुकीचे आहे. थांबवायला तिथे काही उरलेलेच नसते. (सरळ रेघ दिसताच वायर सुटली नाही ना, हेही पाहावे.) पीईए (पल्सलेस इलेक्ट्रिकल ॲक्टिव्हिटी) हा प्रकार आणखी फसवा: ईसीजी जवळजवळ नीटनेटका, पण नाडी नाही. या दोन्हींत छाती दाबणे, ॲड्रेनलिन आणि कारणाचा शोध हाच मार्ग. मोठा रक्तस्राव, ऑक्सिजनची उणीव, बिघडलेले पोटॅशियम, हृदयाच्या आवरणात साचलेले रक्त, फुफ्फुसाबाहेर कोंडलेली हवा, फुफ्फुसाच्या धमनीतली गुठळी किंवा विषबाधा यांपैकी काहीतरी बहुधा मुळाशी असते.

माणसाच्या हृदयातले व्हीएफ विजेच्या झटक्याने पहिल्यांदा यशस्वीपणे थांबवले ते क्लॉड बेक यांनी, १९४७ मध्ये, १४ वर्षांच्या मुलावरील शस्त्रक्रियेत. छाती उघडी होती. १९५६ मध्ये पॉल झोल यांनी बंद छातीवरून ते साधले. छाती दाबण्याचे तंत्र तर ओघात सापडले. बाल्टिमोरमध्ये कुत्र्यांवर प्रयोग चालू असताना संशोधक निकरबॉकर यांच्या लक्षात आले की शॉकचे जड पॅडल छातीवर नुसते दाबले तरी रक्तदाब वर जातो. कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी ते तंत्र १९६० मध्ये प्रसिद्ध केले. पुढे बेलफास्टमध्ये पँट्रिज यांनी गाडीच्या बॅटरीवर चालणारा डिफिब्रिलेटर (शॉक देणारे यंत्र) रुग्णवाहिकेतून रुग्णाच्या दारी नेला.

अरेस्ट ओळखण्यात सर्वाधिक चूक होते ती श्वासाबाबत. कोसळलेला माणूस अधूनमधून तोंड वासून घोरल्यासारखा हवा ओढतो, आणि भोवतालचे ‘श्वास चालू आहे’ म्हणून थांबतात. हा श्वास नव्हे, अरेस्टचीच खूण. सुरुवातीला हातापायांना झटके आले की फिट समजली जाते. हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे पुरे. सामान्य माणसाने नाडी शोधत बसू नये, प्रशिक्षितानेही १० सेकंदांहून अधिक नाही.

मग रुग्णवाहिका बोलवायची, जवळचे एईडी यंत्र (कुणालाही वापरता येणारा स्वयंचलित डिफिब्रिलेटर) आणवायचे आणि छातीच्या मध्यावर दाब सुरू करायचे: मिनिटाला १०० ते १२०, प्रौढात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. श्वास देता येत असतील तर ३० दाबांमागे २. बुडालेल्यांत आणि लहान मुलांत, जिथे मूळ अडचण बहुधा श्वासाची असते, ते श्वास टाळू नयेत. दाबणारा दोन मिनिटांत थकतो, पण ते त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही, म्हणून माणूस बदलावा. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नये. व्हीएफमध्ये काहीच केले नाही तर जगण्याची शक्यता मिनिटागणिक सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते.

एईडीचा एक पॅड उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली. छाती ओली असेल तर आधी पुसावी. ताल यंत्रच तपासते. व्हीएफ किंवा व्हीटी नसेल तर ते शॉक देऊ देत नाही. शॉकनंतर नाडी न पाहता लगेच दाब सुरू करून दोन मिनिटांनी ताल पुन्हा तपासतात. रुग्णालयात दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन आणि शॉकला न जुमानणाऱ्या तालासाठी अमियोडॅरोन हे ताल सावरणारे औषध ३०० मिलिग्रॅम देतात.

वाचलेल्या रुग्णात असा ताल पुन्हा उद्भवण्याची भीती असेल तर त्वचेखाली आयसीडी, म्हणजे शरीरात राहणारा छोटा डिफिब्रिलेटर, बसवतात. मिशेल मिरोव्स्की यांच्या कल्पनेतून आलेले हे उपकरण माणसात प्रथम १९८० मध्ये बसवले गेले. ते ताल सतत पाहत असते आणि गरज पडताच आतून शॉक देते. शुद्धीवर असताना तो बसला तर छातीवर घोड्याची लाथ बसल्यासारखे वाटते, असे रुग्ण सांगतात. त्या क्षणी त्यांचा हात धरलेल्या माणसाला फार तर झिणझिणी जाणवते.